नवमीचं पान

आबा,

काल अविधवा नवमी होती. नवऱ्याच्या आधी, कपाळावर कुंकू घेऊन गेलेल्या बाईचं पान पितृपक्षात या दिवशी वाढतात आणि तिच्या जागी एका सवाष्णीला बसवून जेवू घालतात. हे तुम्हाला सांगायला नको, पण आमच्या अपार्टमेंटमध्ये निम्म्या लोकांना ही तिथी आता ठाऊक नाही, आणि छत्तीस वर्षं शाळेत शिकवल्यावर सगळं पहिल्यापासून सांगायची खोड जात नाही. तर काल मी तिचं पान वाढलं. तुमच्या पहिल्या बायकोचं. नवरा जिवंत असताना विधवा म्हणून गेली, तिचं. तुम्हाला शब्द दिला तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते, आणि तो पाळला अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी. इतका उशीर का झाला ते सांगायला बसले आहे. तुम्ही रागावणार नाही हे माहीत आहे. रागावणारे असतात तर मी इतकी वर्षं लावलीच नसती.

मंगळवार पेठेतलं आपलं घर दोन खोल्यांचं, मागं घोडीचा गोठा आणि टांगा उभा करायला जागा. नवमीला तुम्ही टांगा जुंपायचा नाही. दसऱ्यालासुद्धा दुपारपर्यंत स्टेशनावर भाडं मारून यायचा, पण नवमीला घोडी गोठ्यात आणि तुम्ही आंघोळ करून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर. आई चुलीपुढं. खीर, वडे, अळूची भाजी, गवार, भोपळा, कढी. भिंतीकडेला दोन पाट मांडलेले. एका पाटावर नारळ, खण, हिरव्या बांगड्या आणि कुंकवाची पुडी, दुसऱ्या पाटावर सवाष्ण. ती सवाष्ण म्हणजे आईच, कारण दुसरी कुणी यायची नाही. पेठेतल्या बायका तोंडावर सांगायच्या, "रंडकीच्या नावाचं जेवायला बसू? आमचं कुंकू काय वर आलंय व्हय?" मग आईनं चुलीपुढून उठायचं, हात धुवायचे, तुम्ही आणलेलं हिरवं इरकल नेसायचं आणि सवतीच्या पाटाशेजारी बसायचं. एरवी पाण्याचा तांब्यासुद्धा हातानं न घेणारे तुम्ही, वाकून बायकोच्या पानात खीर वाढताय, असं ते दृश्य. आई खाली मान घालून जेवायची, आणि उठताना दरवर्षी म्हणायची, "जेवली बघा ती. पोटभर जेवली." तुम्ही मान हलवायचा आणि मग स्वतःचं पान घ्यायचा.

मला या सगळ्याचा राग यायचा. दिवाळीला आईला मिळायचं ते साधं लुगडं, आणि भारी इरकल मिळायचं ते सवतीच्या नावाचं. अकरा वर्षांची होते मी, जीभ आधीपासूनच लांब. एका नवमीला तुम्ही खीर वाढत असताना मी दारातून विचारलं, "त्या रंडकीचं लुगडं माझ्या आईनं का नेसायचं?" शब्द पेठेतल्या बायकांचा, पण मला तो चांगला झणझणीत वाटला होता. तुमचा हात पातेल्यावरच थांबला. आई म्हणाली, "कारटे, तोंड आवर." तुम्ही पळी ठेवली, हात धुतले आणि गोठ्यात जाऊन घोडीला खरारा करत बसलात. त्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत. मी माराची वाट बघत होते, तो मिळाला असता तर सुटल्यासारखं झालं असतं. संध्याकाळी तुम्ही एवढंच म्हणालात, "उद्या साळंला जाऊ नगंस. गावाकडं जायचंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही टांगा जुंपला आणि मला मागं न बसवता तुमच्या शेजारी बसवलंत. हातकणंगल्याचा रस्ता, दोन्ही बाजूंना ऊस, मागं वळून बघितलं की जोतिबाचा डोंगर. हेर्ल्यापर्यंत तुम्ही घोडीशीच बोललात. मला वाटलं, मला गावी काकांकडं ठेवून येणार, शिक्षा म्हणून. पण हातकणंगल्याला तुम्ही टांगा स्टेशनाकडं वळवलात. घोडीच्या तोंडाला तोबरा लावला, माझ्या हातात शेंगांची पुडी दिलीत आणि रुळांकडं बोट केलंत. "हितनं गेलतो मी. अठरा वर्साचा व्हतो."

मग तुम्ही सांगितलंत. पहिलं महायुद्ध आमच्या पुस्तकात दीड पानांचं होतं, त्यात कुठल्या राजपुत्राला गोळी घातली ते होतं. तुमच्या महायुद्धात राजपुत्र नव्हता. एक जमीन होती, तिघा भावांना न पुरणारी, आणि गावोगाव फिरणारा भरतीवाला होता, ज्यानं तुमचे दात बघितले, जनावराचे बघतात तसे. लग्न होऊन वर्ष झालं होतं. ती तेरा वर्षांची. "बायकूनं नवऱ्याला पोचवायला यायची रीत न्हवती. त्या तिकडं बांधावर हुबी ऱ्हायलीती. गाडी हालली तसं हात वर केलान." तुम्हाला बंदूक दिलीच नाही, खेचरं दिली. आगबोटीनं बसऱ्याला, तिथून नदीच्या काठाकाठानं वर. मग एका गावात तुम्हाला तुर्कांनी चारी बाजूंनी कोंडलं. महिने गेले, दाणा संपला, आणि खेचरं कापायचा हुकूम आला. "ज्यास्नी चारा घातला त्यास्नीच खाल्लं," एवढंच बोललात आणि शेंगा सोलायला लागलात. तुम्ही मटण का शिवत नाही ते मला तेव्हा कळलं. सगळी पेठ तुम्हाला चिडवायची, कोल्हापुरात राहून मटण खात न्हाई म्हंजे ह्यो गडी पावणाच की. तुम्ही हसून सोडून द्यायचा.

ते गाव पडल्यावर तुर्कांनी तुम्हाला वाळवंटातून चालवत नेलं आणि रुळांच्या कामावर लावलं. तिथून पत्र येणार कसं? इकडं सरकारी कागद आला, पत्ता लागत नाही म्हणून. शाळामास्तरांनी तो नीट वाचून सांगितला, मेला असं त्यात कुठं म्हटलेलं नव्हतं. आजीनं दीड वर्ष वाट बघितली. मग शेजारच्या गावचा एकजण एक पाय घालवून परत आला आणि म्हणाला, खेचरांवरचं कुणी उरलं नाही. आजीनं गावच्या देवीला कौल लावला, पोर गेला असं धरायचं का म्हणून. दोनदा फूल पडलं नाही, तिसऱ्यांदा उजवं पडलं. मग आपल्यात जे करतात ते केलं. दर्भाचा माणूस केला, त्याला तुमचा सदरा घातला आणि जाळला. तेरावं जेवले. नदीवर नेऊन तिच्या बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं. सोळा वर्षांची होती ती, आणि तुम्ही तेव्हा कुठल्या तरी डोंगरात खडी फोडत होता.

स्टेशनावरून आपण गावाच्या वेशीवर आलो. मारुतीच्या देवळाचा कट्टा दाखवून तुम्ही म्हणालात, "हितं तीन दिस बसलोतो." लढाई संपल्यावर तुम्ही सुटून आलात, रेल्वेतून उतरून चालत गावात शिरायला लागलात, तर विहिरीवरची बाई घागर टाकून पळाली. आजी आली ती दहा हात लांब उभी राहून. तिनं विचारलं, तुझा पुढचा दात कशानं पडला? तुम्ही सांगितलंत, मोटेचा दांडा लागून. तेव्हा तिनं तिथंच बसकण मारली. पण घरात घेता येईना. ज्याची क्रिया झाली तो घरात कसा येईल? भटजींनी पोथी बघून सांगितलं, याला तुपानं न्हाऊ घाला, पुन्हा जन्मला असं धरा, बारसं करा, मग आत घ्या. घरात वाटीभर तूप नव्हतं, गावानं गोळा करून दिलं. "बाविसाव्या वर्सी बारसं झालं बघ माझं. बाया पाळणा म्हनत्यात, हसत्यात, रडत्यात. आन मला ह्या मिशा." घुगऱ्या वाटल्या सगळ्या गावाला. हे सांगताना तुम्ही हसत होता, म्हणून मीही हसले. हसत असतानाच तुम्ही पुढचं सांगितलंत. "घुगऱ्या वाटून झाल्या, मग मी इचारलं, ती कुठं हाय?"

ती चार महिन्यांपूर्वी गेली होती. मानमोडीच्या तापात. त्या साथीत घरटी माणूस जात होतं, खांदा द्यायला माणसं उरली नव्हती, तिला दुसऱ्या दोघींबरोबर गाडीतून नेलं. तुम्ही विचारलंत, कसल्या लुगड्यात? पांढऱ्या, असं आजी म्हणाली. तुम्ही तोबऱ्यातले सांडलेले हरभरे एकेक करून वेचत होता आणि माझ्याकडं बघत नव्हता. "मी जित्ता व्हतो, पोरी. उपाशी व्हतो, वळ उठल्यालं व्हतं अंगावर, पर जित्ता व्हतो की. मग ती रंडकी कशी?" मी रडायला लागले. तुम्ही समजूत घातली नाही, पटक्याचं टोक पुढं केलंत, तोंड पुसायला.

त्याच वर्षीच्या पितृपक्षात तुम्ही भटजींना म्हणालात, तिची नवमी घालायची. भटजी म्हणाले, ती गेली तेव्हा तुझी क्रिया झाली होती, म्हणजे नवरा गेलेलाच होता. बारशानंतरचा तू नवा माणूस, तिचा तू कुणी लागत नाहीस. मी आयुष्यभर पोरांना गणित शिकवलं, आबा, आणि मला या बोलण्यात कुठं चूक काढता येत नाही. म्हणूनच ते आठवलं की डोकं फिरतं. तेव्हा आपल्या भागात भटजींशिवाय विधी करायची चळवळ जोरात होती. तुम्हाला त्यातलं राजकारण कळत नव्हतं, पण आपल्या हातानं पान वाढायला कुणाची परवानगी लागत नाही एवढं तुम्ही उचललंत. घरात त्यावरून वाजलं, अपशकुनी पान आमच्या घरात नको म्हणून. तुम्ही कोल्हापूर गाठलंत, टांगा धरलात, आणि बऱ्याच वर्षांनी आई आली ती नवमीची ही अट ऐकूनच. त्या दिवशी गावाहून परत आलो तर आई दारात उभी. माझी वेणी घालताना म्हणाली, "लुगडं मला आवडतं गं. माझ्या बापानंबी एवढं भारी कधी दिलं न्हाई." ती खरं बोलत होती की माझी समजूत घालत होती, ते मला आजही सांगता येणार नाही.

तुमची शेवटची नवमी. तुम्ही खाटेवर, खोकल्यानं बसवत नव्हतं, त्या वर्षी मी वाढलं आणि आई जेवली. नंतर तुम्ही मला जवळ बोलावलंत. "मी गेलो की ह्ये संपलं. नवरा मेल्यावर नवमी घालत न्हाईत, आन तुझी आई बी मग पाटावर बसू शकायची न्हाई. तुझं लगीन झालं की तू बसशील तिच्याशेजारी? न्हाईतर ती पुन्ना रंडकीच व्हईल बघ." मी म्हटलं, बसेन आबा. तुम्ही माझा हात दाबलात, लगाम धरून घट्टे पडलेल्या हातानं. मार्गशीर्षात तुम्ही गेलात. बायकांनी आईच्या बांगड्या फोडल्या तेव्हा मी, कॉलेजात वक्तृत्वाची ढाल मिळवणारी, दाराला टेकून नुसती बघत होते.

लग्नानंतरच्या पहिल्या पितृपक्षात मी सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "माहेरचे पितर सासरी जेवत नाहीत." मी हुज्जत घातली. दुसऱ्या वर्षी थोडी कमी घातली. तिसऱ्या वर्षी मी गरोदर होते, आणि चौथ्या वर्षापासून मी विचारायचीच बंद झाले. आता सासूबाईंच्या नावावर सगळं खपवायला नको. त्या गेल्या, चूल माझी झाली, नंतर गॅसही माझा, आणि तरी मी पाट मांडला नाही. मनाशी म्हणायचे, सवाष्ण आणि विधवा हा भेदच मुळात दुष्ट आहे, तो मी कशाला पाळू? शाळेत महिला दिनाला मी त्यावर भाषणं ठोकायचे, टाळ्या घ्यायचे. भाषणातलं सगळं खरं होतं, पण तुम्ही मला भाषण करायला सांगितलं नव्हतं. आणि आई दरवर्षी दशमीला विचारायची. आधी समक्ष, मग फोन आल्यावर फोनवरून. "बसलीस न्हवं तिच्याशेजारी?" बसले की. "खीर केलतीस?" केली. "वडं?" वडे, कढी, अळूची भाजी. "पोटभर जेवली?" जेवली गं. मग आई म्हणायची, "बरं झालं बाई," आणि फोन ठेवायची. ती असेपर्यंत हे चाललं. एवढं सफाईनं खोटं मी दुसऱ्या कुणाशी बोलले नाही.

गेल्या वर्षी तुमचे जावई गेले. तुम्ही त्यांना बघितलं नाही, शांत माणूस होता, माझ्याशी भांडणंसुद्धा उद्यावर टाकायचा. दहाव्याला नणंद माझ्या कपाळाकडं हात घेऊन आली. मी तिचा हात धरला आणि सगळ्या बायकांसमोर तुमच्या पहिल्या बायकोची गोष्ट सांगितली. दर्भाचा माणूस, नदीवर फोडलेल्या बांगड्या, पांढरं लुगडं, आणि खडी फोडणारा जिवंत नवरा. म्हटलं, माझ्या बापानं आयुष्यभर जे पुसू दिलं नाही, ते मी पुसू देणार नाही. एक-दोघींनी डोळे पुसले, नणंदेनंही हात मागं घेतला. माझं कुंकू राहिलं, आजही आहे. पण पाहुणे गेल्यावर मी खुर्चीत बसले आणि मला स्वतःची इतकी लाज वाटली की काय सांगू. माझी वेळ आली तेव्हा मी तिला पुढं केलं, आणि तिला पन्नासाहून जास्त वर्षं चमचाभर खीर घातली नव्हती.

म्हणून काल. तुमच्या रीतीनं बसायला सवाष्ण लागते, म्हणजे मी चालत नाही. शेजारच्या फ्लॅटमधली सून शिरोळकडची, बँकेत आहे. तिला मी चार दिवस आधी सगळं सांगितलं, पूर्वी बायका का बसायच्या नाहीत तेही, काही लपवलं नाही. ती म्हणाली, "त्यात काय काकू, बसते की. रजा न्हाई मिळायची, पण जेवणाच्या सुट्टीत येते." आली ती हेल्मेट हातात घेऊनच. मी हिरवं इरकल आणलं होतं, नेसायला वेळ नव्हता, तिनं ते ड्रेसवरूनच खांद्यावर घेतलं आणि पाटावर मांडी घालून बसली. मी शेजारच्या पाटावर नारळ, खण, बांगड्या ठेवल्या, कुंकू लावलं. गुडघे वाकत नाहीत आता, तरी वाकून वाढलं. खीर जरा लागली होती खाली, पण वास आला नाही.

इथवर लिहून हे तुमच्या फोटोमागं ठेवायचं, असं ठरवलं होतं. पण पुढचं लिहिलं तर ठेवायचा धीर होणार नाही, आणि न लिहिता ठेवलं तर आईला सांगायचे तसंच झालं. त्या पोरीनं पहिला घास कालवला आणि वर बघून विचारलं, "काकू, नाव काय ओ त्यांचं? नाव घेऊन खावं म्हटलं." आबा, मी पातेलं धरून उभीच राहिले. तुम्ही तिला "ती" म्हणायचा, आईही "ती" म्हणायची, आणि तेव्हाचं गावात आता कुणी नाही. मी तुम्हाला तुर्कांबद्दल विचारलं होतं, आगबोटीबद्दल विचारलं होतं, बारशाला तुमचं जुनंच नाव ठेवलं की दुसरं, हेसुद्धा विचारलं होतं. तिचं नाव विचारावं असं मला एकदाही वाटलं नाही. पोरीला बँकेत परत जायचं होतं, ती घास हातात धरून थांबली होती. मी तिला आईचं नाव सांगितलं.